हातवाली खुर्ची

रंगारी सिस्टर कोणत्याही खुर्चीवर ती पुसल्याशिवाय कधी बसल्या नाहीत. खुर्ची नवी असो की त्यांच्यासमोर कुणी नुकतीच झटकून दिलेली असो, त्या पर्समधून पांढरा रुमाल काढायच्या. आधी बसायची जागा, मग पाठ, मग दोन्ही हात. रुमालाची मळकी बाजू आत घालून घडी पर्समध्ये परत जायची आणि मगच त्या टेकायच्या. खाजगी दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून राबलेल्या बाईला स्वच्छतेचं वेड असणारच, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ते अर्धंच खरं होतं.

माझा धंदा बारदान्याचा. मालधक्क्यावर फाटकी पोती गोळा करायची, दाभणाने शिवायची आणि राइस मिलवाल्यांना विकायची, इथून मी सुरुवात केली. आज गंजात, म्हणजे धान्यबाजारात, माझं गोदाम आहे. ते मला कुणी बापाने दिलेलं नाही. एका पोत्यामागे चार आण्यासाठी मी तासभर भांडलो आहे आणि त्याची मला लाज नाही. भाव करताना माझा आवाज चढतो. लोक म्हणतात डोकं गरम आहे. असेल. पण मी माल बघून बोलतो, माणूस बघून नाही. सिस्टरचं आणि माझं याच गोष्टीवरून बिनसलं.

गोंदियात शेअर बाजार होता असं सांगितलं की बाहेरचे लोक हसतात. होता. गंजाच्या तोंडाशी लिल्हारेचं टायपिंगचं दुकान, समोर एक लाकडी बाक, बाजूला चहाची टपरी, एवढा तो बाजार. आणि त्यात माल एकच, कोंढा कंपनीचे शेअर. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, पण सगळे कोंढा कंपनीच म्हणत. आमगाव रोडवर तिचा कारखाना. धान कांडल्यावर मिलमधून निघणारा कोंढा तिथे जायचा आणि त्यातून तेल निघायचं. कंपनी काढताना मिलवाल्यांनी आसपासच्या दुकानदारांना, मास्तरांना, धानवाल्या शेतकऱ्यांना शेअर विकले होते. मुंबईच्या बाजारात त्यांची नोंद नव्हती. ज्याला विकायचे असतील त्याने लिल्हारेला सांगायचं. लिल्हारे गिऱ्हाईक शोधायचा, फॉर्म टाइप करायचा, मुद्रांकाचं तिकीट लावायचा, दोघांच्या सह्या घ्यायचा आणि कागद कंपनीत पाठवायचा. मध्ये चहा व्हायचा. तो विकणाऱ्याने पाजायचा, अशी रीत होती.

सिस्टर या बाकावर यायच्या त्या फक्त घ्यायला. पगार झाला की घरभाडं, किराणा, आणि उरलं ते कोंढा कंपनी. लग्न केलेलं नव्हतं. दवाखाना खाजगी, म्हणजे पेन्शनचं नाव नाही. बाकीचे लोक भाव काय चालू आहे ते विचारत. सिस्टर भाव कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे.

"लिल्हारे भाऊ, यंदा डिव्हिडंड वाटला ना?"

"वाटला ना सिस्टर. तुमीच तर घेऊन गेल्या."

"मले माहीत आहे. तुमच्या तोंडून आयकाचं होतं. द्या मग, जेवढे असतील तेवढे."

मी एकदा मध्ये बोललो. म्हटलं, "सिस्टर, अहो थोडी तरी घासाघीस करा. तो माणूस गरजू आहे, दोन रुपये उतरेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं सलाइन लावलेला पेशंट उठून बसला आहे. म्हणाल्या, "पोतेवाले भाऊ, गरजू आहे म्हणूनच तर नाई करत. आन् भावाचं काय, तो रोज बदलते. डिव्हिडंड हातात येते. मले म्हातारपणी कोणाच्या दारात जाऊन उभं राहाचं नाही. हे माझी पेन्शन आहे."

कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हे वाक्य त्या फार वेळा बोलत. सौंदडला, त्यांच्या गावी, भावाचं घर होतं. भाऊ वारला होता, भाचा होता, अनिल. तो कधी गोंदियात आला तर सिस्टर त्याला पोटभर जेवू घालत, त्याच्या मुलांना कपडे घेत आणि संध्याकाळच्या गाडीला बसवून देत. देणारा हात आपला असावा, एवढीच त्यांची श्रीमंतीची कल्पना होती.

गल्लीत कुणालाही इंजेक्शन द्यायचं असलं की लोक सिस्टरकडे जात. पैसे घेत नसत. पोराला दंडाला धरून त्या म्हणत, "रडशील तर काहीच नाही. न रडता टोचून घेतलं तर डिव्हिडंड." डिव्हिडंड म्हणजे संत्र्याची गोळी. आमच्या गल्लीतल्या पोरांची एक पिढी डिव्हिडंड म्हणजे गोळीच समजत मोठी झाली. माझा धाकटा शाळेत गेल्यावर एका दुकानात जाऊन एक रुपयाचा डिव्हिडंड द्या म्हणाला होता. दुकानदाराने मला बोलावून विचारलं, सेठ, पोराला आतापासूनच धंद्याला लावलं का.

त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं की कोंढा कंपनीचं दर्शन व्हायचं. वार्षिक सभेत प्रत्येक भागधारकाला पाकिटातून डिव्हिडंड आणि सोबत एक स्टीलचा डबा मिळे. झाकणावर कंपनीचं नाव कोरलेलं. सिस्टरचं मीठ, हळद, तूरडाळ, पोहे, चहापत्ती, सगळं त्या डब्यांत. फळीवर वर्षाच्या ओळीने लावलेले. एकदा चहा होईपर्यंत मी उगाच एक जुना आणि एक नवा डबा दोन हातांत घेतला. मला सवय आहे, पोतं उचललं की वजन कळतं. जुना चांगला जड होता. नव्याला बोट लावलं तर दबत होतं.

म्हटलं, "सिस्टर, कंपनी डबा पातळ करून राहिली."

"हलका बरा. घासाले सोपा."

"पातळ डबा देणारा माणूस पैसा वाचवून राहिला आहे, नाहीतर त्याच्याकडे नाही."

"तुमी ना भाऊ, देवळात गेले तरी घंटी कितीची आहे ते पाहाल." आणि त्यांनी माझ्या हातातून दोन्ही डबे घेऊन फळीवर जागच्या जागी ठेवले.

आता त्या सभेबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथे आहे.

पोळ्यानंतर एका रविवारी कारखान्याच्या यार्डात मांडव पडायचा. कोंढ्याचा तो तेलकट, किंचित आंबूस वास, भोंग्यावर देशभक्तीची गाणी, मागे कढईत भजी. बसायची रीत ठरलेली होती आणि ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. थोडे शेअर असलेले सतरंजीवर. त्याहून जास्त असलेले बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आणि समोर पहिल्या रांगेत हातवाल्या खुर्च्या, त्यांवर मोठे भागधारक, म्हणजे मिलवाले, त्यांचे व्याही, त्यांचे सीए. मग माइकवरून एकेकाचं नाव आणि शेअरची संख्या वाचली जायची. माणूस उठून पुढे जायचा, अध्यक्षसाहेब स्वतः पाकीट आणि डबा द्यायचे, लोक टाळ्या वाजवायचे.

सिस्टरनी सतरंजीपासून सुरुवात केली होती. किती वर्षं त्या खाली बसल्या मला माहीत नाही. मी बारदाना पुरवणारा म्हणून सभेला जायला लागलो तेव्हा त्या प्लास्टिकच्या रांगेत होत्या. आणि मग एका वर्षी व्यवस्था बघणाऱ्या मुनीमजींनी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं. सिस्टर खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. रुमाल काढला. सावकाश पुसलं, बसायची जागा, पाठ, दोन्ही हात. दोन्ही बाजूंचे मिलवाले बघत होते. मग बसल्या आणि दोन्ही कोपर खुर्चीच्या हातांवर ठेवले. अध्यक्षसाहेब जाता जाता थांबले, म्हणाले, "कैसी हो सिस्टर? तब्येत पानी ठीक?" सिस्टर उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "मजेत आहे साहेब."

त्या दिवशी परत येताना ऑटोत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. रागाने नाही, औषध कधी घ्यायचं ते सांगतात तशा आवाजात. "लहानपणी सौंदडला गावात लग्न असलं की आमाले गोठ्याजवळ बसवत. पत्रावळ दुरून टाकत. माझी माय म्हणे, जेवण तेच आहे न, बसाची जागा कायले पाहतेस." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "जागाच पाहत होती मी."

कंपनीची तब्येत मला कोणत्याही कागदावरून कळली नाही. पोत्यांवरून कळली. कोंढा येतो पोत्यात, तेल काढलेली पेंड जाते पोत्यात. कारखाना चालतो तेवढी पोती झिजतात. माझ्या पोत्यांची मागणी आधी थोडी कमी झाली, मग बरीच. मी गेटवर जाऊन उभा राहिलो, ट्रक मोजायला नाही, सहज. यार्डात गवत वाढलं होतं. चाकांखाली येणाऱ्या जागेत गवत वाढत नाही. आणि तरी त्या वर्षी डिव्हिडंड मागच्यापेक्षा जास्त वाटला. मांडव मोठा घातला, भज्यांबरोबर जिलबी. गावात सगळे खूश. बाकावर भाव चढला. जी कंपनी जिलबी वाटते ती बुडेल कशी, असा हिशेब लिल्हारेच्या बाकावर सगळ्यांनी मिळून केला आणि तो आमच्याच लोकांना सुचू शकतो.

मला एक गिऱ्हाईक मिळालं. आमगावचे कटरे मिलवाले. त्यांना कंपनीत संचालक व्हायचं होतं आणि त्यासाठी एकगठ्ठा शेअर पाहिजे होते. मी सिस्टरच्या शेअरसाठी त्यांच्याकडे दोनदा गेलो. घासाघीस केली, उठून चालू लागलो, परत बोलावलं, पुन्हा बसलो. शेवटी असा भाव कबूल करून घेतला की खरं सांगतो, माझा स्वतःचा माल असता तर त्या रात्री मी पेढे वाटले असते. अट एक होती, सिस्टरचे सगळेच्या सगळे पाहिजेत, थोडे नाही. त्या पैशाची बँकेत ठेव केली असती तर सिस्टरना मरेपर्यंत कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. मला यात एक पैसा सुटणार नव्हता. हे मी इथे लिहितो, कारण तेव्हा कुणी ते मानलं नाही.

बाकावर चार माणसं असताना मी त्यांना भाव सांगितला. लिल्हारेचं टाइप करणं थांबलं.

सिस्टर म्हणाल्या, "सगळे देऊन टाकले तर सभेत मी कुठं बसू?"

मला आधी कळलंच नाही. "कुठं म्हणजे? सभेला जायचंच कशाला मग?"

"तेच तर म्हणून राहिली मी."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खुर्चीसाठी जन्माची कमाई घालवता का. ती खुर्ची मंडपवाल्याची आहे, भाड्याची. अशा शंभर खुर्च्या मी तुमच्या अंगणात आणून टाकतो. यार्डात गवत वाढलं आहे, मी डोळ्यांनी बघून आलो, हे लोक तुम्हाला तुमचेच पैसे पाकिटात घालून देत आहेत. माझा आवाज पार स्टेशन रोडपर्यंत गेला असेल.

सिस्टरनी हात वर केला. "आवाज खाली. वार्ड आहे असं समजा." आणि मग सगळ्यांकडे बघत, हसून म्हणाल्या, "काऊन भाऊ, कंपनी आता तुमचे पोते नाई घेत म्हणून रडून राहिले का?"

सगळे हसले. लिल्हारे हसला. टपरीवाला हसला. विकणाऱ्याने चहा पाजायची रीत, पण त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले आणि ग्लास तसाच ठेवून निघून आलो.

माझी तक्रार तिथून आहे आणि ती अजून आहे. मी एक खरी गोष्ट सांगितली, आणि ती पोती विकणाऱ्याची कुरकुर ठरली. अध्यक्षसाहेब वर्षातून एकदा तब्येत विचारत, त्यांचा शब्द चालला. मी दर आठवड्याला भेटत होतो, माझा नाही चालला. पुढे सगळं झाल्यावर याच बाकावरचे लोक म्हणू लागले, आम्हाला शंका होतीच. एकाही माणसाने पोतेवाला सांगत होता असं म्हटलं नाही.

झालं ते सांगण्यासारखं फार नाही. एका वर्षी सांगितलं, डिव्हिडंड पुढच्या वर्षी एकत्र देऊ. मग कोरोना आला आणि सभा मोबाइलवर झाली. सिस्टरकडे साधा फोन होता, म्हणून त्या माझ्या दुकानात आल्या. बाकावरच्या प्रकारानंतर आम्ही जेमतेम बोलत होतो. माझ्या मुलाने त्याच्या मोबाइलवर सभा लावून दिली. सिस्टरनी दुकानातली लोखंडी खुर्ची पुसली, बसल्या, आणि काचेत दिसणाऱ्या त्या लहान लहान चौकोनांकडे बघत राहिल्या. नावं वाचली गेली नाहीत. अध्यक्षसाहेबांचा आवाज तुटक येत होता. संपल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "त्याइले मी दिसली का?"

मुलगा म्हणाला, "नाही आजी, आपला कॅमेरा बंद होता."

नंतर बँकेने गेटला कुलूप लावलं. शेवटची काही वर्षं डिव्हिडंड तेलातून नाही, कर्जातून वाटला जात होता, हे तेव्हा बाहेर आलं. कटरेही फिरकेनासे झाले. विकावं म्हटलं तर ते दारही बंद. कागदी शेअर आता दुसऱ्याच्या नावावर चढत नाहीत, ते कॉम्प्युटरच्या खात्यात घ्यावे लागतात, आणि ती सोय कंपनीने करून घ्यायची असते. कंपनीत आता चौकीदारही नव्हता. लिल्हारेच्या बाकावर पोरं मोबाइल घेऊन बसू लागली. तीही शेअरच करतात म्हणे, पण कुणाचे ते विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

सिस्टरचा हात थरथरायला लागला होता. इंजेक्शन बंद झाली. घरभाडं थकू लागलं तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एक दिवस गल्लीत हातगाडी उभी दिसली. त्यावर एक लोखंडी पेटी, गादी आणि पोत्यात भरलेले डबे; गाडी निघाली तसे ते खडखडू लागले. सिस्टर सौंदडला गेल्या. पोतं माझ्याच गोदामातलं होतं, शिवण मी ओळखली.

मागच्या हिवाळ्यात सौंदडच्या एका मिलकडे मी वसुलीला नाही, ऑर्डर घ्यायला गेलो होतो. काम लवकर झालं. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून अनिलचं घर विचारत गेलो. अंगणात धान वाळत टाकलं होतं. सिस्टर जमिनीवर बारदाना अंथरून बसल्या होत्या, कोंबड्या हाकलत. केस पूर्ण पांढरे, पण इस्त्री नसलेली साडीही नीट पिना लावून नेसलेली.

"अरे, पोतेवाले भाऊ." त्या ओरडल्या नाहीत, पण आवाज चढला. "सुनबाई, खुर्ची आण वं."

अनिलची बायको आतून खुर्ची घेऊन आली. हातवाली होती, प्लास्टिकची, एका पायाला तार बांधलेली. घरात तेवढी एकच असावी, कारण आत कुणाला तरी तिच्यावरून उठवल्याचा आवाज आला.

"तुम्ही बसा सिस्टर," मी म्हटलं.

"मी आता खालीच बसते. उठाले सोपं जाते."

म्हाताऱ्या गुडघ्यांना खालून उठणं सोपं जात नाही, हे नर्सला कुणी सांगायला नको. मी बसलो नाही. गाडीची वेळ झाली असं सांगून उभाच राहिलो. मध्ये ती खुर्ची रिकामी.

अनिल आला. तो चांगला मुलगा आहे, मी त्याला दोष देत नाही. त्याने पाणी दिलं आणि विचारलं, "काका, आत्याच्या त्या कागदाइचं काही होते का? तुमी धंद्यातले माणसं. कमी भाव आला तरी चालते."

मी सिस्टरकडे पाहिलं. वाटलं, आता म्हणतील, विकायचे नाहीत. त्या कोंबडीकडे बघत म्हणाल्या, "तुमी आणला होता तो भाव चांगला होता, भाऊ."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. त्याला उत्तर म्हणून मनात केव्हाची काय काय वाक्यं मी जमवून ठेवली होती. पण भाव करायला समोर काही तरी माल लागतो, आणि समोरच्याला तो सोडवत नसावा लागतो. तिथे यांपैकी काहीच उरलं नव्हतं. मी अनिलला म्हटलं, "नाही होत काही. सांभाळून ठेव." कशासाठी सांभाळायचे, ते त्याने विचारलं नाही.

निघताना त्यांनी सुनेला हाक मारून काहीतरी आणायला सांगितलं. ती संत्र्याची गोळी घेऊन आली. "घ्या. तुमी आज आवाज नाई चढवला," सिस्टर म्हणाल्या. मी ती खिशात टाकली.

गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं. खुर्ची अंगणात तशीच होती. सिस्टर हळूहळू, आधी एक हात जमिनीला, मग गुडघ्याला टेकवत उठल्या. कमरेला खोचलेला रुमाल काढला. खुर्ची पुसली, बसायची जागा, पाठ, दोन्ही हात, तीच पद्धत. मला वाटलं, आता बसतील. त्यांनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. मग खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, तार बांधलेला पाय सांभाळत, ओसरीवर भिंतीला लावून ठेवली आणि परत येऊन पोत्यावर बसल्या. धानात कोंबडी शिरली होती. त्यांनी तिला हाकललं.